थंडी झोंबते तेव्हा : ‘किंगडम’चे बारा भाग

गेल्या डिसेंबरात पिंपळगाव बसवंतजवळ मामांच्या मळ्यात आठवडाभर मुक्काम होता. त्या मुक्कामात ‘किंगडम’ या कोरियन मालिकेच्या दोन पर्वांचे बारा भाग मी दुसऱ्यांदा पाहिले आणि मामांनी पहिल्यांदा. मी ते प्रथम पाहिले तेव्हा नाशिकमध्ये टाळेबंदी होती. दुसरे पर्व १३ मार्च २०२० रोजी आले आणि त्यानंतर बाराच दिवसांत सारा देश दारे लावून बसला. गंगापूर रोडवरच्या आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात बसून साथीच्या रोगावरची मालिका पाहताना कथेपेक्षा खिडकीबाहेरच्या शुकशुकाटाकडेच अधिक लक्ष जात असे. त्यामुळे ती नीट पाहणे राहूनच गेले होते. या वेळी ते झाले, आणि पहिल्या खेपेला भयपट वाटलेली ही मालिका प्रत्यक्षात भुकेची गोष्ट आहे, असे माझे मत बनले. पुढे कथेतील बरेच काही उघड होणार असल्याने ज्यांना कोरे राहून पाहायचे आहे, त्यांनी आधी मालिका पाहावी.

लेखिका किम उन-ही यांनी ही कथा कोरियातील जोसोन राजवटीच्या काळात बेतली आहे. जपानी आक्रमणांनी देश पिळून निघालेला आहे, शेते उजाड आहेत आणि दरबार चो घराण्याच्या मुठीत आहे. राजा मेला आहे, परंतु तरुण राणीला मुलगा होण्याआधी ते जाहीर झाले तर गादी रखेलीच्या पोटी जन्मलेल्या युवराज ली चांगकडे जाईल. म्हणून राणीचा पिता चो हाक-जू एका वनस्पतीच्या साहाय्याने राजाला ‘जिवंत’ ठेवतो. राजा रोज रात्री उठतो आणि त्याला माणूस खायला लागतो. पहिले पर्व २५ जानेवारी २०१९ रोजी नेटफ्लिक्सवर आले. त्याचे सहाही भाग किम सोंग-हुन यांनी दिग्दर्शित केले आहेत, आणि त्या एकहातीपणाचा लाभ पर्वाला ठायी ठायी झालेला दिसतो.

पहिल्याच भागात, दक्षिणेकडील डोंगने येथील एका दवाखान्यात, मालिकेतील सर्वांत भयंकर प्रसंग घडतो. त्यात कोणीही किंचाळत नाही. राजवाड्यातून परतलेला वैद्य आपल्या तरुण सहायकाचे प्रेत घेऊन येतो. त्याला राजाने चावलेले असते. दवाखान्यात कित्येक दिवसांचे उपाशी रुग्ण पडलेले असतात. योंग-शिन नावाचा एक माणूस त्यांच्यासाठी रस्सा शिजवतो आणि हरणाची शिकार मिळाली असे सांगतो. लोक वाट्या चाटून पुसून खातात. ते मांस कशाचे होते हे आपल्याला कळते, तेव्हा आपण त्यांचे तृप्त चेहरे आधीच पाहिलेले असतात. तोवर राजाने चावलेला माणूस नुसता मरत असे, उठत नसे. ते मांस भुकेल्यांच्या पोटात गेल्यावर रोगाने रूप पालटले आणि तो चाव्याने पसरू लागला. साथीचे मूळ असे थेट रिकाम्या पोटात नेऊन ठेवणे ही किम उन-ही यांची खरी करामत आहे. मामा त्या दिवशी जेवताना गप्पच होते. नंतर एवढेच म्हणाले, “त्या रांधणाऱ्याला वाईट म्हणवत नाही रे.” मालिकाही त्याला वाईट म्हणत नाही. योंग-शिन बाराही भागांत सोबत राहतो, आणि किम सुंग-ग्यू या अभिनेत्याने त्या माणसाच्या डोळ्यांतला राग एकदाही सैल पडू दिलेला नाही.

दुसऱ्या आणि तिसऱ्या भागांत डोंगने बुडते. उजेड झाला की हे झोंबी, म्हणजे मेल्यावर उठलेली माणसे, घरांच्या जोत्याखालच्या अंधाऱ्या पोकळीत एकमेकांवर रचल्यासारखे निपचित पडतात. रात्र होण्याआधी त्यांची विल्हेवाट लावली तर अनर्थ टळेल, हे उघड असते. पण तिथेच घोडे अडते. प्रेतांत उमरावांची मुलेबाळे आहेत, आणि आईवडिलांनी दिलेल्या देहाला इजा करणे हा कन्फ्यूशियसच्या शिकवणीत वाढलेल्या त्या समाजाच्या दृष्टीने महापातक आहे. गरिबांची प्रेते जाळा, आमची मात्र विधिपूर्वक पुरू, अशी घासाघीस सुरू होते आणि तोवर सूर्य कलतो. नाशिकच्या माणसाला हा प्रसंग निराळ्याच कोनातून दिसतो. ज्या गावात देशभरातून लोक अस्थी घेऊन रामकुंडावर येतात, तिथे अग्नी देणे हाच देहाचा सन्मान आहे. त्यामुळे आपल्याकडे ही साथ पहिल्याच दुपारी संपली असती, असे प्रथम वाटून जाते. मग लक्षात येते की आपल्याकडेही सरणाचा ओटा कोणाचा, पाणवठा कोणाचा, यावरून भांडता भांडता सूर्य कललाच असता.

तिसऱ्या भागातले जहाज मी विसरू शकत नाही. डोंगनेचे उमराव आणि अधिकारी बंदरातले मोठे जहाज घेऊन निघून जातात आणि किनाऱ्यावर म्हातारी माणसे, लेकुरवाळ्या बायका आणि रोगी मागे राहतात. जहाजावर एका खानदानी स्त्रीने पेटाऱ्यात आपल्या एकुलत्या एका मुलाचे प्रेत लपवून आणलेले असते. त्याचे पुढे काय होणार हे आपण ओळखतो, आणि तरीही त्या आईचा राग येत नाही. राग येतो तो नांगर उचलणाऱ्यांचा. वेशीचे दार आतून लावून घेणे ही या मालिकेत वारंवार येणारी कृती आहे. कधी ते जहाज असते, कधी तटबंदी, तर कधी राजवाड्याची बंद दालने. प्रत्येक वेळी रोग आत आणतो तो दार लावून घेणारांपैकीच कोणीतरी. आमच्या पणजीच्या तोंडून आलेल्या प्लेगच्या गोष्टी मामांना ठाऊक आहेत. तेव्हा गाव ओस टाकून लोक माळावर झोपड्या बांधून राहत. “आपले लोक गाव सोडून बाहेर गेले, हे लोक गाव बाहेर सोडून आत बसले,” असे ते म्हणाले. त्या भागावर याहून नेमके मी काही लिहू शकणार नाही.

चौथा भाग पळापळीचा आहे, तो चांगला वठला आहे, आणि त्याबद्दल अधिक सांगण्यासारखे नाही. पुढे काय होणार हे आधीच ठाऊक असते, आणि ते होतेच. पाचव्यात युवराजाचे गुरू आणि माजी सेनापती आन ह्योन येतात व कथा काहीशी मंदावते. हो जून-हो यांचा चेहराच असा आहे की त्यांनी काहीही न बोलता उभे राहावे आणि आपण पाहत राहावे, म्हणून तो मंदपणा खपून जातो.

सहाव्या भागावर मात्र थांबायला हवे. पाच भागभर आपली समजूत असते की या प्रेतांना सूर्यप्रकाश सोसत नाही. सो-बी ही दवाखान्यातली शिकाऊ वैद्य वनस्पतीच्या शोधात एका गोठलेल्या दरीत पोहोचते आणि तिथे तिला उमगते की प्रश्न उजेडाचा नव्हताच, उष्म्याचा होता. थंडी असेल तर ते दिवसाही उठतील. इकडे सांगजू शहराच्या वेशीवर रात्रभर वाट पाहून थकलेले सैनिक सकाळ झाली म्हणून सुटकेचा निःश्वास टाकतात, आणि धुक्यातून ते धावत येतात. पर्व तिथेच संपते. २०१९ मध्ये हे पाहिलेल्या लोकांनी पुढचा भाग पाहण्यासाठी जवळजवळ चौदा महिने वाट पाहिली. भाग मध्येच तोडून त्याला शेवट म्हणण्याची ही रीत मला मुळीच मान्य नाही.

परंतु त्या उलगड्याचे मोल मळ्यात बसून पाहिल्यामुळेच मला कळले. निफाड-पिंपळगावच्या पट्ट्यात डिसेंबर-जानेवारीत पारा पाच-सहा अंशांवर उतरतो, तेव्हा द्राक्षबागायतदार झोपत नाहीत. पाण्याने भरलेले द्राक्षमणी पहाटेच्या गारठ्यात तडकतात. म्हणून बागेत जागोजागी शेकोट्या पेटवून धूर करावा लागतो आणि पहाटे ठिबक चालू करून मुळांशी पाणी सोडावे लागते. धोका काळोखाचा नसतो. तो उजाडताना, सूर्य वर येण्याच्या सुमारास सर्वांत अधिक असतो, आणि म्हणूनच पूर्वेला तांबडे फुटले तरी शेकोटी विझवायची नाही, हे बागेत पोरासोरांनाही ठाऊक असते. सो-बीचा निष्कर्ष मी भाषांतर करून सांगण्याच्या आतच मामा म्हणाले, “अरे, उजाडलं म्हणजे संपलं थोडंच? गारठा तर तेव्हाच असतो!” सांगजूच्या सेनापतींना जे कळायला पाच भाग लागले, ते त्यांना शेतीमुळे आधीच माहीत होते. आपल्या भाषेत थंडी ‘झोंबते’ हा योगायोगही त्या रात्री फार चपखल वाटला.

दुसऱ्या पर्वाचे दिग्दर्शन पहिल्या भागानंतर पार्क इन-जे यांच्याकडे आले आहे. लढाया अधिक मोठ्या, अधिक वेगवान झाल्या, पण उपाशी माणसांचे चेहरे कमी झाले. मधले भाग राजवाड्याच्या कारस्थानांना दिलेले आहेत. राणीचे गरोदरपण खोटे आहे. ती गोरगरीब गर्भवती स्त्रियांना एके ठिकाणी डांबून ठेवते, मुलगा झाला तर तो आपला म्हणून दाखवायचा, हा तिचा बेत. चो हाक-जू मेलेल्या राजाला युवराजावर सोडतो, जेणेकरून मुलाच्या हातून पित्याचा शिरच्छेद व्हावा आणि तो राजद्रोही ठरावा. कल्पना म्हणून हे सारे तेज आहे, परंतु एका पेचातून दुसरा पेच इतक्या हिशेबीपणाने निघतो की पटावरच्या सोंगट्या हलताना दिसाव्यात तसे होते. या पटावर खरे दुःख दिसते ते मू-योंगच्या वाट्याला आलेले. हा युवराजाचा खादाड, साधाभोळा अंगरक्षक. त्याची गर्भवती बायको राणीच्या ताब्यात असल्याने तो फितूर होतो. युवराजाला ते कळते तो प्रसंग किम सांग-हो आणि जू जी-हून यांनी जवळजवळ कुजबुजत केला आहे, आणि त्याच्यापुढे त्या पर्वातले सगळे रक्तपात फिके आहेत.

आन ह्योन यांचे रहस्यही याच पर्वात उघड होते. तीन वर्षांपूर्वी जपान्यांविरुद्ध लढताना सैन्य अपुरे पडले, तेव्हा एका गावातील रोगग्रस्त गावकऱ्यांना मारून, त्या वनस्पतीने उठवून शत्रूवर सोडण्यात आले होते. देश वाचला, त्या गावाचे नाव कोणी घेतले नाही. ज्यांचा आदर करत आपण दोन भाग काढले, त्यांच्याच हाताला ते रक्त लागलेले असते. पहिल्या पर्वातला भुकेचा धागा इथे पुन्हा हाती लागतो, कारण प्रश्न तोच आहे : कोणाचा जीव स्वस्त?

ली चांग युवराज असला, तरी माझ्या लेखी या कथेची नायिका सो-बी आहे. बे दूना यांनी तिला कोठेही शूर दाखवलेले नाही. ती घाबरते, अडखळते, आणि तरीही जे दिसले ते लिहून ठेवते. प्रत्येक टोळी तलवार घेऊन धावत असताना एक बाई निरीक्षण करते आहे, आणि शेवटी उपयोगी पडते ते तिचेच निरीक्षण. चाव्यावाटे शरीरात किडे शिरतात आणि माणूस वेळीच पाण्यात बुडाला तर ते बाहेर पडतात, हे तिने आधी पाहिलेले असते. त्यामुळे अखेरच्या भागात गोठलेल्या तळ्यावरचा बर्फ फोडण्याची युक्ती आकाशातून पडल्यासारखी वाटत नाही. तिचे शोध प्रत्येक वेळी कथेला हवे त्याच क्षणी लागतात, ही तक्रार मात्र राहतेच.

पोशाख आणि स्थळे यांबद्दल बरेच बोलले गेले आहे, विशेषतः घोड्याचे केस आणि बांबू यांपासून विणलेल्या त्या काळ्या, पारदर्शक टोप्यांबद्दल. टोपीवरून माणसाचा दर्जा ओळखायचा ही गोष्ट पगडी आणि पागोटे पाहिलेल्या आपल्याला सांगावी लागत नाही. मला अधिक आवडले ते झोंब्यांच्या अंगावरचे कपडे. रेशमी आणि फाटके असे दोन्ही एकाच लोंढ्यात धावताना दिसतात, आणि त्या लोंढ्यात तेवढा एकच समान न्याय आहे. हिंसा भरपूर आणि उघडी आहे. मुले आणि तान्ही बाळेही कथेत येतात, तेव्हा घरात लहान मूल असेल तर ते झोपल्यावरच लावावे. भाग साधारण चाळीस-पन्नास मिनिटांचे आहेत. आवाज मूळ कोरियनच ठेवावा असे माझे आग्रहाचे सांगणे आहे, कारण राजा, प्रजा आणि गुलाम यांच्या बोलण्यातले आदराचे स्तर अर्थ न कळताही कानाला जाणवतात. मी इंग्रजी ओळी वाचून मामांना मराठीत सांगत होतो. चो हाक-जूच्या भूमिकेतले र्यू सुंग-र्योंग बोलू लागले की ते मला हाताने थांबवत, “राहू दे, कळलं.”

जुलै २०२१ मध्ये आलेला ‘आशिन ऑफ द नॉर्थ’ हा सुमारे दीड तासाचा विशेष भाग दुसऱ्या पर्वानंतरच पाहावा. तो काळाने आधीचा असला तरी आधी पाहिल्यास बाराव्या भागाच्या शेवटाची धार जाते. त्या शेवटात सात वर्षे उलटलेली असतात. ली चांग आणि त्याचे सोबती वनस्पतीचा माग काढत उत्तरेकडच्या एका ओसाड वस्तीत येतात, तिथे घुंगरांचा आवाज येतो आणि एका झोंबीच्या पायात ते बांधलेले दिसतात. मी पहिल्यांदा पाहिले तेव्हा तो केवळ भीती वाढवण्यासाठी केलेला आवाज समजलो होतो. मामा खुर्चीत पुढे सरकून बसले.

“घुंगरू बांधलंय, म्हणजे कुणाच्या तरी गोठ्यातलं जनावर आहे,” ते म्हणाले. “कोण पाळतंय यांना?”

मी काही सांगितले नाही. पुढच्याच क्षणी पडद्यावर आशिनच्या भूमिकेतली जून जी-ह्युन आली.