शेरूच्या कंबरेतल्या सुया: साडेतीन स्टार

आमचा शेरू, लॅब्रॅडॉर, वय ११. मागचे पाय आखडलेले, जिना दिसला की तोंड फिरवायचा. मेलोक्सिकॅम या दुखण्यावरच्या औषधाने पोट बिघडायला लागलं तेव्हा नेहमीच्या डॉक्टरांनीच कोथरूडचा हा ॲक्युपंक्चरवाला दवाखाना सुचवला.

कंबरेचे मणके संपतात तिथे पाठीवर बोटाला खोलगट लागतं, त्या जागेला 'बाय हुई' म्हणतात. पहिली सुई तिथे. शेरूने एकदा कान हलवला आणि चक्क जांभई दिली. मग दोन सुयांना चिमटे लावून सौम्य करंट. मांडीचा स्नायू बारीक उडताना दिसतो. वीसेक मिनिटांत काम संपतं. तिथल्या डॉक्टर मॅडम एक्स-रे बघितल्याशिवाय सुईला हात लावत नाहीत आणि कुत्र्याच्या वजनावरून मलाच झापतात, हे आवडलं.

फरक? सकाळी उठताना कण्हणं कमी झालंय. पण याच काळात पोळीचे तुकडे बंद झाले (सासरे अजून चोरून देतात), वजनही उतरलं, तेव्हा श्रेय सुयांचं की उपासाचं, देव जाणे. प्राण्यांवरच्या ॲक्युपंक्चरच्या अभ्यासांचा २००६मध्ये आढावा घेतला गेला, त्यातही ठोस पुरावा सापडला नव्हता. झिजलेला सांधा भरून येईल म्हणून जाऊ नका. औषधांच्या जोडीला म्हणून हरकत नाही. फी मात्र खिशाला लागते आणि पार्किंगच्या नावाने बोंब.