होमस्टेची वेबसाइट: खास शॉर्टकट की, की कीबोर्डने चालणारी मांडणी?

तारकर्ली, गुहागर, हर्णै, दिवेआगर… किनाऱ्यावरचे होमस्टेवाले आणि हापूसच्या पेट्या थेट विकणारे बागायतदार आता स्वतःची वेबसाइट करून घेतात. ती अंध पाहुण्यांना किंवा माउस न वापरणाऱ्यांनाही चालावी, असं म्हटलं की दोन पर्याय पुढे येतात: ‘आल्ट + बी दाबा, बुकिंग उघडेल’ अशा खास की, किंवा पानाचीच नीट मांडणी. पैसे एकाच कामापुरते असतील तर मांडणी करून घ्या.

खास की ऐकायला छान वाटतात. पण विंडोजवर क्रोममध्ये त्या आल्टने चालतात, फायरफॉक्समध्ये आल्ट + शिफ्टने, मॅकवर कंट्रोल + ऑप्शनने. शिवाय काही जोड्या ब्राउझरने आधीच घेतलेल्या असतात; आल्ट + डीने पत्त्याची पट्टी निवडली जाते. दोन दिवसांसाठी खोली शोधणारा पाहुणा हे सगळं पाठ का करेल?

नुसत्या एका अक्षराचा शॉर्टकट तर आणखी त्रासाचा. बोलून संगणक चालवणाऱ्याच्या साध्या शब्दांनीही तो चालू होऊ शकतो. म्हणूनच वेबसाइट सर्वांना वापरता यावी यासाठीच्या डब्ल्यूसीएजी २.१ या २०१८च्या निकषांत असे शॉर्टकट बंद करण्याची किंवा बदलण्याची सोय मागितली आहे. आपल्याकडे आणखी एक अडचण: इनस्क्रिप्ट ही मराठी टाइप करायची कीबोर्डची मांडणी चालू असेल तर बीच्या कीवर ‘व’ उमटतो, आणि ‘बी’ची वाट बघणारी वेबसाइट ढिम्म हलत नाही.

मांडणीत पाहुण्याला नवं काही शिकावं लागत नाही. पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारा स्क्रीन रीडर, मग तो मोफतचा एनव्हीडीए असो की विकतचा जॉज, एच दाबलं की पुढचं शीर्षक, बी दाबलं की पुढचं बटण. मात्र ‘खोल्या’, ‘जेवण’, ‘दर’ ही कोडमध्ये शीर्षकं म्हणून नोंदवलेली हवीत, नुसती ठळक अक्षरं नकोत. टॅब की पहिल्यांदा दाबताच ‘थेट मजकुराकडे’ ही लिंक यावी, म्हणजे दर पानावर अख्खा मेनू ओलांडावा लागत नाही. पानाची भाषा मराठी अशी कोडमध्ये नोंदवली, की मराठी आवाज असलेला स्क्रीन रीडर तो निवडू शकतो. फोटोखाली ‘आयएमजी ००३४’ नको. ‘तळमजल्यावरची खोली, दाराशी तीन पायऱ्या’ असं वर्णन लिहा. कुबड्या घेऊन येणाऱ्याला खोली निवडायला तेवढं पुरतं.

घोडं अडतं ते बहुतेक तारखेच्या कॅलेंडरवर. तिथे बाणांच्या कींनी दिवस निवडता आला पाहिजे, किंवा सरळ तारीख टाइप करता आली पाहिजे.

शॉर्टकटची खरी जागा तुमच्या ऑफिसात आहे. एप्रिल-मेमध्ये दिवसभर आंब्याच्या ऑर्डरी भरणाऱ्या माणसाला ‘नवी ऑर्डर’ आणि ‘पावती’ यांच्या की जरूर द्या. रोजच्या वापराने त्या हातात बसतात.

शेवटचा हप्ता देण्याआधी माउस बाजूला ठेवून फक्त टॅब, एंटर, स्पेस आणि बाणांवर एक बुकिंग पूर्ण करून बघा. आपण पानावर कुठे आहोत हे जिथे दिसत नाही, तिथली दुरुस्ती आधी मागा.