नोटो सॅन्स देवनागरी: मोबाइलवर उत्तम, पुस्तकाला नको

मराठी फाँट पारखायचा तर आधी तीन जोड्या बारीक टायपात लावून बघाव्यात: घ-ध, म-भ, य-थ. तिन्हींतला फरक एकाच जागी आहे. ध, भ, थ यांची शिरोरेघ डावीकडे तुटते आणि तिथे छोटी गाठ येते. वाचताना नजर सलग सरकत नाही, उड्या घेते. एकेका थांब्यावर जेमतेम पाव सेकंद. तेवढ्यात ती फट दिसली नाही की ‘धार’ची ‘घार’ होते आणि ओळ पुन्हा वाचावी लागते.

गूगलचा नोटो सॅन्स देवनागरी हा फुकट, खुल्या परवान्याचा फाँट रेग्युलर आणि मीडियम वजनात (वजन म्हणजे अक्षराची जाडी) या कसोटीला उतरतो. रेघांची जाडी जवळपास एकसारखी असल्याने स्क्रीनवर बारीक भाग पुसट होत नाहीत. एकूण वजनं 9, पण एक्स्ट्राबोल्ड आणि ब्लॅक मथळ्यापुरतेच ठेवावेत. 10-12 पॉइंटात फट बुजते. कंडेन्स्ड, म्हणजे दाबून अरुंद केलेल्या, रुंदीत ‘ष’च्या पोटातली तिरकी रेघ हरवून ‘प’ उरतो. जाहिरातवाल्यांना नेमकी तीच रुंदी आवडते, त्याला इलाज नाही.

मोठी तक्रार वेगळीच. ल आणि श मुळात हिंदी वळणाचे येतात. राज्य शासनाच्या 2022 च्या निर्णयात पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श सांगितले आहेत. ती रूपं फाँटमध्येच आहेत, पण मजकुराची भाषा मराठी नोंदवल्याशिवाय बाहेर येत नाहीत. लिब्रेऑफिसमध्ये अक्षरांच्या सेटिंगमध्ये भाषा मराठी निवडा. वेबपानाच्या एचटीएमएल कोडमध्ये lang="mr" लिहा. एवढंही न करणारी मराठी संकेतस्थळं आहेत.

अक्षरांमधलं अंतर वाढवायच्या फंदात पडू नये. शिरोरेघेचे तुकडे होतात, आणि शब्द कुठे संपला हे तीच रेघ सांगत असते. मोकळेपणा हवा तर ओळींमध्ये द्या: टायपाच्या 1.6 ते 1.8 पट. त्याहून फार कमी ठेवलं तर वरच्या ओळीचे उकार खालच्या वेलांट्यांना भिडतात. ‘आचार्यांना’मधला रफार आणि अनुस्वार 9 पॉइंटात एकमेकांत मिसळतात, ‘आचाऱ्यांना’मध्ये रफार नसल्याने तो त्या मानाने स्वच्छ दिसतो.

दोनशे पानी पुस्तकाला मात्र ही एकसुरी रेघ कंटाळवाणी होते. तिथे आयआयटी मुंबईचा शोभिका घ्यावा. वजनं दोनच, रेग्युलर आणि बोल्ड, तोही फुकट.