2 मिलिमीटरचा चौकोन: शहराचं बांधीव क्षेत्र मोजणाऱ्या जीएचएसएलबद्दल

प्रात्यक्षिक भूगोल शिकवत होते तेव्हा मी दरवर्षी मुलांना एक काम द्यायचे. एकाच शहराचे, वेगवेगळ्या काळात छापलेले दोन स्थलदर्शक नकाशे घ्यायचे. त्यांवर ट्रेसिंग पेपर ठेवून वस्तीची कड पेन्सिलीने उतरवायची, मग तो कागद आलेखाच्या कागदावर ठेवून चौकोन मोजायचे. 1:50,000 च्या नकाशावर 2 मिलिमीटर म्हणजे जमिनीवरचे 100 मीटर, म्हणून 2 मिलिमीटरचा एक चौकोन बरोबर एक हेक्टरचा. अर्ध्याहून जास्त भरलेला चौकोन पूर्ण धरायचा, कमी भरलेला सोडून द्यायचा. आणि दरवर्षी कुणीतरी विचारायचंच, "मॅडम, हा अगदी अर्धा आहे. धरू की सोडू?"

गावठाणाच्या मधल्या चौकोनांत हा प्रश्न कधी आला नाही. तो यायचा कडेला, जिथे चार घरं आहेत, मधे शेत आहे, पुढे एक कारखाना आहे. म्हणजे शहर जिथे खरोखर वाढत असतं, नेमकी तिथेच आमची मोजणी सर्वांत कच्ची होती. ही गोष्ट मला इतकी वर्षं टोचत राहिली, आणि म्हणूनच हे परीक्षण लिहायला बसले आहे.

ग्लोबल ह्यूमन सेटलमेंट लेयर, म्हणजे जीएचएसएल, हा युरोपीय आयोगाच्या जॉइंट रिसर्च सेंटरने तयार केलेला, सगळ्या जगाचा आणि सर्वांसाठी मोफत असलेला नकाशासंच आहे. त्यातला बांधीव क्षेत्राचा थर 'जीएचएस-बिल्ट-एस' या नावाने मिळतो. 1975 पासून 2020 पर्यंत दर पाच वर्षांनी एक चित्र, आणि त्यापुढे 2025 व 2030 चे अंदाज. चौकोन 100 मीटरचा, म्हणजे आमच्या आलेखाच्या कागदावरचाच.

फरक आहे तो चौकोनात काय लिहिलंय यात. इथे 'भरलेला' किंवा 'रिकामा' असं काही नसतं. एका चौकोनाच्या 10,000 चौरस मीटरपैकी किती चौरस मीटर इमारतींखाली आहेत, तो आकडा असतो. 3,200 लिहिलं असेल तर सुमारे एक तृतीयांश जमिनीवर छप्पर आहे. त्या अर्ध्या चौकोनाचा प्रश्नच उरत नाही. शिवाय शहर दोन तऱ्हांनी वाढतं, पसरून आणि दाटून. माझ्या ट्रेसिंग पेपरवर फक्त पसरणं दिसायचं. कड तिथेच राहिली आणि आतल्या मोकळ्या जागा, परसं, वाड्यांची अंगणं बांधकामाने भरली, तर माझ्या मोजणीत वाढ शून्य यायची. इथे तोच चौकोन 1,500 वरून 4,000 वर गेलेला दिसतो. पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा मी बराच वेळ एकाच वॉर्डाचे आकडे वर्षावर्षाने उघडत बसले होते.

कोणतंही नवं साधन हातात आलं की ज्याचं उत्तर आधीच ठाऊक आहे असा प्रश्न त्याला विचारून पाहायचा, ही माझी जुनी सवय. म्हणून मी दोन शहरं निवडली. ब्राझिलिया ही राजधानी 1960 मध्ये सुरू झाली, म्हणजे 1975 च्या चित्रात ती दिसायलाच हवी. शेनझेन 1980 मध्ये विशेष आर्थिक क्षेत्र झालं, म्हणजे 1975 मध्ये तिथे फारसं काही दिसता कामा नये आणि पुढे झपाट्याने भरत जायला हवं. दोन्ही उत्तरं बरोबर आली. ब्राझिलियाचे पंखासारखे पसरलेले दोन भाग जुन्या चित्रातही ओळखू येतात, आणि शेनझेनच्या जागी आधी विरळ ठिपके आणि पुढच्या चित्रांमध्ये सलग पट्टा. या चाचणीनंतरच मी मुलांच्या हातात हा थर दिला.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट, जी वापरण्यापूर्वी समजून घ्यायलाच हवी. या थरात 'बांधीव' म्हणजे फक्त इमारत. जमिनीवर उभी, छप्पर असलेली, माणसं, जनावरं, वस्तू किंवा उत्पादन यांना आसरा देणारी रचना. रस्ते, वाहनतळ, विमानतळाची धावपट्टी यांतलं काहीच त्यात धरलेलं नाही. उलट, ती रचना कायमस्वरूपी हवी अशी अट नाही, त्यामुळे झोपडपट्ट्या आणि निर्वासितांच्या छावण्या व्याख्येबाहेर पडत नाहीत. हे मला फार मोलाचं वाटतं. छापील नकाशांवर अशा वस्त्या वर्षानुवर्षं कोऱ्या जागेसारख्या राहिलेल्या मी पाहिल्या आहेत.

पण याच व्याख्येमुळे दोन साधनांचे आकडे जुळत नाहीत. युरोपीय अवकाश संस्थेचा 'वर्ल्डकव्हर' हा 10 मीटरचा नकाशा 2020 आणि 2021 चा आहे. त्याच्या बांधीव वर्गात इमारतींबरोबर रस्ते आणि लोहमार्गही येतात. त्यामुळे एकाच शहराचा आकडा तिथे मोठा येणार आणि इथे लहान येणार. यात कुणीही चुकलेलं नाही. चूक होते ती जुना आकडा एका साधनातून आणि नवा दुसऱ्यातून घेऊन त्यांची वजाबाकी करण्यात. मी तपासलेल्या प्रकल्पवह्यांत ही चूक इतक्या वेळा सापडली की शेवटी मी पहिल्याच पानावर 'बांधीव म्हणजे काय धरलं?' या प्रश्नाचं उत्तर सक्तीचं केलं.

तशीच हद्दीची गोष्ट. हद्दवाढ झाली की कागदावर शहर एका दिवसात मोठं होतं, आणि जमिनीवर एक वीटसुद्धा नवी बसलेली नसते. जीएचएसएलमध्ये शहराची हद्द कार्यालयातून येत नाही. एक किलोमीटरचे एकमेकांना लागून असलेले दाट चौकोन, दर चौरस किलोमीटरला किमान 1,500 लोक, आणि अशा सलग पट्ट्यात मिळून किमान 50,000 लोक, असं शहरी केंद्र ठरतं. ही पद्धत 2020 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सांख्यिकी आयोगाने देशोदेशींच्या तुलनेसाठी स्वीकारली. त्यामुळे शहर कुठे संपतं यावर वाद घालण्यात वेळ जात नाही.

लोकसंख्येचा थरही याच संचात मिळतो, आणि दोन्ही एकत्र ठेवले की खरा प्रश्न विचारता येतो: माणसं वाढली म्हणून जमीन लागली, की माणसांपेक्षा जमीनच जास्त खाल्ली गेली? समजा, एखाद्या शहराची बांधीव जमीन 100 चौरस किलोमीटरवरून 150 झाली आणि लोक 10 लाखांवरून 12 लाख झाले. जमीन दीडपट झाली आणि माणसं फक्त एक पंचमांशाने वाढली. दरडोई 100 चौरस मीटर होते, ते 125 झाले. संयुक्त राष्ट्रांच्या शाश्वत विकास उद्दिष्टांतला 11.3.1 हा निर्देशांक याच दोन वेगांची तुलना करतो. मुलांना हे गणित करून दाखवलं की वर्गात शांतता पसरायची, कारण कुणाच्या ना कुणाच्या घरची शेती त्या कडेच्या चौकोनांत असायचीच.

मर्यादाही सांगते. 1975 च्या चित्रामागे लँडसॅटच्या सुरुवातीच्या उपग्रहांच्या प्रतिमा आहेत. त्यांचा एक ठिपका सुमारे 80 मीटरचा, म्हणजे 6,400 चौरस मीटरचा. 1984 पासून लँडसॅट 5 मुळे तो 30 मीटरचा झाला, आणि 2015 पासून सेंटिनेल-2 उपग्रहांमुळे 10 मीटरचा, म्हणजे अवघ्या 100 चौरस मीटरचा. त्यामुळे 1975 मधल्या विरळ वाड्या-वस्त्यांवर फार विसंबू नये. तसंच, दर पाच वर्षांचं प्रत्येक चित्र प्रत्यक्ष पाहून केलेलं नाही. मधली काही चित्रं आधीच्या आणि नंतरच्या निरीक्षणांवरून काढलेली आहेत. म्हणून 'अमुक वर्षी वाढीचा वेग अचानक बदलला' असा निष्कर्ष या थरावरून मी काढू देत नाही. 2030 चा अंदाज तर मी मुलांना उघडूच देत नसे.

मजले या थरात दिसत नाहीत. बंगला पाडून त्याच जागी बारा मजली इमारत उभी राहिली तरी छपराचा आकडा जवळपास तोच राहतो. इमारतींच्या उंचीचा वेगळा थर आहे, पण तो 2018 या एकाच वर्षाचा. उंचीतली वाढ काळानुसार मोजायची असेल तर इथे उत्तर मिळणार नाही.

वापरायला क्यूजीआयएस हे नकाशांवर काम करायचं सॉफ्टवेअर पुरेसं आहे. तेही मोफत. हद्दीचा बहुभुज टाकायचा, 'झोनल स्टॅटिस्टिक्स' (हद्दीच्या आतल्या चौकोनांचे आकडे एकत्र करणारी सोय) उघडायचं आणि बेरीज निवडायची. चौकोनांची संख्या निवडू नका. पहिल्या वेळी मी संख्याच घेतली होती आणि तीन दिवस चुकीच्या आकड्यांवर काम केलं. बेरजेला दहा लाखांनी भागलं की चौरस किलोमीटर मिळतात. मोलवाइड प्रक्षेपणामुळे, म्हणजे गोल पृथ्वी सपाट नकाशावर मांडायच्या एका रीतीमुळे, नकाशा तिरका दिसतो. मुलं घाबरतात, पण त्यात प्रत्येक चौकोनाचं जमिनीवरचं क्षेत्रफळ सारखं राहतं, म्हणून तो तसाच ठेवावा.

डाउनलोड करताना फाइलच्या नावातली आवृत्ती मात्र नीट वाचा. मी वापरते ती 'आर2023ए'. आधीच्या आवृत्त्यांची मोजण्याची रीत वेगळी होती. कुणाकडून पेनड्राइव्हवर मिळालेली जुनी 1975 ची फाइल आणि नवी 2020 ची फाइल जोडलीत, तर शहर न वाढताही वाढलेलं दिसेल. दोन्ही वर्षं एकाच आवृत्तीतून, एकाच दिवशी, स्वतः उतरवून घ्या.