शेवटचा मुंगळा मारू नका

आठ महिन्यांत या खेळात मी सगळ्यात जास्त वेळ कशात घालवला असेल, तर एका मुंगळ्यापासून पळण्यात. एकाच. हातात बंदूक आहे, गोळ्या कधी संपत नाहीत, मुंगळा समोरून धावत येतोय, आणि मी त्याला मारत नाही. का ते सांगतो, पण आधी खेळ कोणता ते.

‘अर्थ डिफेन्स फोर्स २०१७’. एक्सबॉक्स ३६० या कन्सोलवरचा व्हिडिओ गेम. जपानमध्ये डिसेंबर २००६ मध्ये आला, अमेरिकेत मार्च २००७ मध्ये. बनवला सँडलॉटने, बाजारात आणला डी३ पब्लिशरने. डी३ची प्लेस्टेशन २ वर ‘सिंपल २०००’ नावाची मालिका होती. एक खेळ २००० येनला, म्हणून ते नाव. या घराण्याचा पहिला खेळ त्याच मालिकेत निघाला. मी खेळतोय तो त्या मालिकेतला नाही, पण तोही त्या काळच्या नव्या खेळांपेक्षा स्वस्तातच विकला गेला. वळण घरचंच. माझ्याकडे तो एका सहकाऱ्याकडून आला. त्याने नवा कन्सोल घेतला आणि जुन्या डिस्क वाटून टाकल्या. ही डिस्क कोणी उचलली नाही, म्हणून माझ्या वाट्याला आली.

कथा दोन ओळींची आहे. २०१७ साल, परग्रहवासी आले, शहरांत राक्षसी किडे सोडले, आता लढा. आपण ‘स्टॉर्म वन’ नावाचे सैनिक. एवढंच. पडद्यावर जे येतं त्याला खेळात ‘अँट’ म्हणतात. मी मुंगळा म्हणतो, कारण मुंगी म्हटलं की साखरेच्या डब्यातली आठवते. हे प्रकरण बसएवढं आहे. काळे लांबून आम्ल फेकतात, लाल जवळ येऊन चावतात आणि लवकर मरत नाहीत. मग कोळी येतात, इमारतीवरून उडी मारून जाळं फेकतात. मग हेक्टर नावाचे दोन पायांचे उंचच उंच यंत्रमानव. मग तबकड्या. पुढे एक डायनॉसॉरही आहे. तो का आहे हे विचारायचं नसतं.

पहिला आठवडा मी नाक मुरडूनच खेळलो. इमारती म्हणजे पुठ्ठ्याची खोकी. आपला सैनिक धावताना घसरल्यासारखा दिसतो. सोबतचे सैनिक रेडिओवर जे बोलतात ते ऐकून हसू आवरत नाही. डोळ्यांसमोर शंभर मुंगळे दिसत असताना कोणीतरी गंभीर आवाजात शत्रू दिसल्याचं कळवतो. वाटलं, स्वस्तातला माल, दोन दिवस करमणूक होईल आणि डिस्क पुढच्याला देऊ.

मत कधी बदललं तेही नक्की आठवतं. एका चौकात उभा होतो, समोरच्या उंच इमारतीवर मुंगळे चढत होते, मी रॉकेट सोडलं. नेम चुकला, रॉकेट इमारतीला लागलं आणि अख्खी इमारत खाली बसली. मागे जे दडलं होतं ते उघडं पडलं: रस्ताभर काळं. दिसेल तिथवर मुंगळेच. त्या क्षणी कळलं की बनवणाऱ्यांनी तुटपुंजे पैसे कुठे घातलेत. चेहऱ्यांवर घातले नाहीत, कथेवर तर नाहीतच. सगळे घातले संख्येवर. महागड्या खेळांत मी पन्नास-साठ शत्रू एकदम अंगावर आलेले क्वचित पाहिलेत. इथे ती सुरुवात असते. आणि शहर पाडलं म्हणून कोणी रागावत नाही, गुण कापत नाही. मोहिमेआधी दोन शस्त्रं निवडायची, मोहिमेत तीच. गोळ्या अमर्याद, फक्त पुन्हा भरायला लागणारा वेळ सांभाळायचा. नियम संपले.

आता त्या मुंगळ्याकडे येतो.

मेलेल्या शत्रूंतून कधीकधी पेट्या पडतात. हिरवी पेटी म्हणजे नवं शस्त्र, लाल म्हणजे चिलखत, पांढरी म्हणजे औषध. औषध त्या मोहिमेपुरतं. चिलखत मात्र कायमचं: लाल पेटी उचलली की आपली सोसायची ताकद किंचित वाढते आणि वाढलेलीच राहते. शस्त्रंही कायमची, दीडशेच्या वर आहेत. मेख अशी की शेवटचा शत्रू मेला की मोहीम तिथेच संपते, आणि ज्या पेट्या उचलायच्या राहिल्या त्या गेल्या. शहर मोठं, पेट्या चार गल्ल्यांत विखुरलेल्या, आणि आपल्या सैनिकाची चाल सकाळी फिरायला निघालेल्या माणसाची. म्हणून शेवटच्या एका शत्रूला जिवंत ठेवायचं आणि तो मागे लागलेला असताना पेट्या वेचायच्या.

हे खेळ कुठेच शिकवत नाही. माझं मीच शिकलो, दोन डझन पेट्या डोळ्यांदेखत गमावल्यावर. आणि एकदा शिकलो तसा अख्खा खेळ बदलला. आता लढाईच्या मध्यावरच मी हिशेब करतो: यातला कोणता ठेवायचा? कोळी ठेवायचा नाही, त्याची उडी भरवशाची नसते. हेक्टर ठेवायचा नाही, तो लांबून मारतो. लाल मुंगळा जवळ आल्याशिवाय काही करू शकत नाही, तो उत्तम. तो मागे, मी पुढे, अशा आमच्या संध्याकाळच्या संध्याकाळ गेल्यात. मोहीम हरलो तर त्या खेपेला जमवलेलं सगळं जातं, म्हणून हा वेचणीचा खेळ सुखाचा नाही. एक लाल पेटी तीन इमारती पलीकडे दिसतेय, अंगात जीव जेमतेम उरलाय, जायचं की इथेच संपवायचं? ज्या खेळाला कथा नाही असं मी म्हणत होतो, त्याने मला माझा हावरटपणा पुरेपूर दाखवलाय.

एकदा सगळं शहाणपण वापरून मुंगळा राखला, निवांत वेचायला निघालो आणि विसरलो की मघाशी चौकात एक आपोआप गोळ्या झाडणारी तोफ मांडून ठेवली होती. मुंगळा माझ्यामागे धावत चौकात आला. तोफेने तिचं काम चोख केलं. नऊ पेट्या तशाच पडल्या होत्या, त्यातल्या तीन हिरव्या. तेव्हापासून वेचणीच्या मोहिमेत ती तोफ मी घेत नाही.

शस्त्रांबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण आठ महिने मला धरून ठेवलं ते त्यांनीच. रायफल, शॉटगन, स्नायपर, रॉकेट, आपोआप लक्ष्य शोधणारी क्षेपणास्त्रं, हातबॉम्ब, आणि ‘स्पेशल’ या नावाखाली घातलेला सगळा वेडेपणा. काही शस्त्रं इतकी निरुपयोगी आहेत की ती मुद्दाम तशी केली असावीत. एअर टॉर्टॉइज नावाचं क्षेपणास्त्र घ्या. नावातच कासव आहे. सोडलं की आरामात तरंगत निघतं, वाटेत आपण दुसऱ्या बंदुकीने चार मुंगळे मारून परत बघावं तर ते अजून वाटेतच असतं. पण पोचलं की समोरचं काही शिल्लक ठेवत नाही. अशा शस्त्राला शिव्या घालत घालतच त्याच्यासाठी मोहिमा शोधू लागतो माणूस. स्नायपरचं मात्र मला अजून जमलेलं नाही. शंभर किडे अंगावर येत असताना दुर्बिणीतून एकाकडे बघत बसायचं, हे माझ्या स्वभावात नाही.

अवघडपणाच्या पाच पातळ्या आहेत, ईझीपासून इन्फर्नोपर्यंत, आणि मोहिमा ५३. वरच्या पातळीवर शस्त्रं चांगली पडतात, पण तिथे टिकायला आधीच चांगली शस्त्रं लागतात. हे कोडं सुटतं ते वेचणीनेच. नॉर्मल मी तीन आठवड्यांत संपवली. हार्डवर गाडी अडली आणि मग मागे जाऊन त्याच त्याच मोहिमा, तेच मुंगळे, त्याच गल्ल्या. इथे सांगायला हवं की हा भाग सगळ्यांना झेपणार नाही. हिरवी पेटी उचलताना आत काय आहे ते कळत नाही. मोहीम संपल्यावर यादी येते, आणि अर्ध्याहून जास्त वेळा आपल्याकडे आधीच असलेलं शस्त्र निघतं. सलग चार संध्याकाळी एकही नवं शस्त्र न मिळाल्यावर मी महिनाभर डिस्कला हात लावला नव्हता. हाताला मुंग्या आल्या होत्या, तेही एक कारण.

दोष लपवत नाही. पडद्यावर गर्दी झाली की खेळ संथ होतो. परग्रहवासीयांचं मोठं अंतराळयान पाडलं की सगळं पाण्याखाली चालल्यासारखं वाटतं. पहिल्या महिन्यात याचा राग यायचा, आता तेवढ्यात बंदूक भरून घेतो. रणगाडा, हेलिकॉप्टर वगैरे वाहनं आहेत, त्यांवर एकच वाक्य: पायी जा. जमिनीखालच्या बोगद्यांतल्या मोहिमा मात्र मला खरोखर नकोशा होतात. वर शहरात जी मोकळीक आहे ती तिथे नाही, अंधारात कुठून आलो आणि कुठे चाललो ते समजत नाही, आणि घाबरून रॉकेट सोडलं की ते समोरच्या भिंतीवर आपटून आपणच मरतो. हो, आपल्या स्फोटाने आपल्यालाही लागतं. सोबतच्या सैनिकांनाही लागतं. त्यांच्या संदर्भात माझी पापं बरीच आहेत.

इंटरनेटवरून दुसऱ्याबरोबर खेळायची सोय नाही. ती हवी असेल तर २०१३ साली जपानमध्ये आलेला पुढचा भाग, ‘२०२५’, घ्यावा. त्यात सैनिकांचे चार प्रकारही आहेत, त्यातला एक उडतो. यात सोय आहे ती एकाच पडद्याचे दोन भाग करून शेजारी बसून खेळायची. त्यामुळे सुट्टीत भाची आली तेव्हा दुसरा कंट्रोलर माळ्यावरून काढला.

तिला खेळ दाखवल्यावर ती आधी पाच मिनिटं हसलीच. ‘मामा, हे काय खेळतोस तू?’ दुसऱ्या दिवशी मी उठायच्या आधी टीव्ही चालू होता. दोघांनी खेळताना हा वेगळाच खेळ आहे. माझं रॉकेट तिला लागतं, तिच्या बॉम्बने मी उडतो, आणि प्रत्येक वेळी चूक कोणाची यावर वाद होतो. पण खरी मजा वेचणीत आहे. एकाने शेवटच्या मुंगळ्याला खेळवत ठेवायचं, दुसऱ्याने पेट्या गोळा करायच्या. तिने पहिल्याच दिवशी मला सांगितलं की मुंगळ्याचं काम तिचं, कारण मी घाबरतो. खरं आहे. ती त्याला एका इमारतीभोवती गोल गोल फिरवायची आणि मी मोलकरणीसारखा शहरभर वेचत हिंडायचो. माझी हार्ड पातळी अशीच पुरी झाली. एकट्याने किती महिने लागले असते कोण जाणे.

अचीव्हमेंट, म्हणजे ठरावीक कामगिरी केली की कन्सोलवर नोंदली जाणारी शाबासकी, जमवणाऱ्यांसाठी सांगून ठेवतो: सहाच आहेत. पाच पातळ्यांचे पाच आणि सगळी शस्त्रं मिळवल्याचं एक. छोटी छोटी शाबासकी नाहीच. तीन आठवडे राबल्यावर एकदा पाठ थोपटणार. मला हे आवडलं. भाचीला अजिबात नाही.

सध्या मी हार्डेस्टच्या पस्तिसाव्या मोहिमेत अडकलोय. इन्फर्नो एकदा उघडून पाहिली. पहिल्या मोहिमेतला पहिला काळा मुंगळा, तोच ज्याला सुरुवातीला मी रायफलने सहज झोपवायचो, त्याने एका फवाऱ्यात अर्धा जीव घेतला. बंद करून परत हार्डेस्टवर आलो. शस्त्रांच्या यादीत अजून चाळीसेक रिकाम्या जागा आहेत. भाचीला परवा फोन केला तर तिने अभ्यासाची तक्रार केली, आईची तक्रार केली, आणि फोन ठेवता ठेवता विचारलं, ‘माझ्याशिवाय पुढे गेला नाहीस ना?’ पस्तिसाव्यापर्यंत पोचल्याचं मी तिला सांगितलेलं नाही. दुसरा कंट्रोलर मात्र माळ्यावर परत ठेवला नाही.