माडाच्या कोळ्यावरची बुरशी-पावडर: औषध चांगलं, पाकीट अर्धवट

पाचपैकी साडेतीन तारे. एक तारा पाकिटावरच्या छपाईने घालवला, अर्धा मी मुद्दाम हातात ठेवलाय.

माल म्हणजे हर्सुटेला थॉम्पसोनी या बुरशीची टाल्कमधली (शंखजिऱ्याच्या भुकटीत कालवलेली) पावडर, नारळावरच्या इरिओफाइड कोळ्यासाठी. हा जाळं विणणारा कोळी नव्हे, डोळ्यांना न दिसणारी बारीक कीड. ज्यांच्या बागेत हा कोळी आहे त्यांना लक्षणं सांगायला नकोत. देठाच्या टोपीखालून फिकट पांढरा त्रिकोण उतरतो, तो तपकिरी होतो, चिरा पडतात, डिंक येतो आणि नारळ वाढायचाच थांबतो. सोडण तर असं आवळून बसतं की सोलणारा आधी नारळाला बोलतो आणि मग मला.

कोळी जेमतेम पाव मिलिमीटर लांब, अळीसारखा, पायांच्या दोनच जोड्या. राहतो टोपीच्या आत, कोवळ्या भागाला चिकटून. फवारा टोपीवरून ओघळून जातो आणि आतला मुक्काम कोरडा राहतो. साध्या कोळीनाशकांचं घोडं इथेच अडतं. बुरशीचं तसं नाही. तिच्या बीजाणूवर चिकट लेप असतो. कोळी टोपीखाली ये-जा करताना तो अंगाला लागतो, रुजतो, कातडी भेदून आत शिरतो. मेलेल्या कोळ्यातून धागे बाहेर येतात, त्यांवर नवे बीजाणू धरतात, म्हणजे पुढचं काम औषध आपलं आपण करतं. अट एकच: ओल हवी.

आणि गोम तिथेच आहे. कोळी माजतो कोरड्या, उन्हाच्या दिवसांत. बुरशी चालते दमट हवेत. ज्या महिन्यांत औषधाची सर्वांत जास्त गरज, त्याच महिन्यांत ते सर्वांत दुबळं. पाकिटावर लिटरला २० ग्रॅम, माडाला एक लिटर, वर्षातून तीन फवारण्या एवढंच लिहिलंय. कधी, ते नाही. मी कोरड्या हवेत मारलेली फवारणी वाया गेली असंच धरते. पावसाची झड सुरू असताना, उघडीप बघून संध्याकाळी मारलेली लागू पडली. नंतर धरलेल्या पेंडींवर (नारळाच्या घडांवर) त्रिकोण लहान आले, बरीच फळं स्वच्छही निघाली. आधीच डाग पडलेले नारळ मात्र तसेच राहतात. ते बघून औषधाला नावं ठेवू नका.

आता तो अर्धा तारा. एक ओळ मी नुसत्या पाण्याने फवारली होती. तीही थोडी सुधारली! पावसात कोळी तसाही कमी होतो, शिवाय बुरशी शेजारच्या माडांवरून तिकडे गेली नसेलच असं छातीठोक कोण सांगणार? फवारलेल्या ओळींत फरक जास्त होता, पण सगळं श्रेय पाकिटाला देणं मला जमत नाही.

ही बुरशी काही कारखान्यात जन्मलेली नाही. १९५० साली फ्लोरिडातल्या लिंबूवर्गीय बागांमधल्या कोळ्यावरून तिचं वर्णन झालं. तिथे ती आपसूक पसरून कोळी आटोक्यात ठेवायची, आणि ताम्रयुक्त बुरशीनाशक मारलं की कोळी पुन्हा उसळायचा. कोंब कुजू नये म्हणून बोर्डो मिश्रण (मोरचूद आणि चुन्याचं, म्हणजे ताम्रयुक्तच) वापरणाऱ्या माडवाल्यांसाठी ही गोष्ट ठळक अक्षरांत हवी. इथे मुंगीच्या अक्षरांत 'रसायनांत मिसळू नये' एवढंच. अंतिम तारीख शिवणीवर छापलेली, म्हणजे पाकीट उघडलं की तारीख कचऱ्यात. 'थंड जागी ठेवा' म्हणतात. किती थंड? माल जिवंत आहे, तापलेल्या पत्र्याखाली पडून राहिला तर हाती नुसता टाल्क उरतो. अमेरिकेत याच बुरशीचं 'मायकार' हे औषध ऐंशीच्या दशकात बाजारात आलं आणि टिकलं नाही, हे ठाऊक असल्यामुळे मी या बाबतीत जरा जास्तच किरकिर करते.

वापराबद्दल: पावडर आधी थोड्या पाण्यात कालवा, फडक्यातून गाळा, मगच पंपात ओता. नाहीतर नोझल तुंबतं आणि चढलेला माणूस वरून जे बोलतो ते इथे लिहिता येत नाही. पंप अधूनमधून हलवत राहायचा, टाल्क तळाशी बसतो. फवारा कोवळ्या पेंडींच्या टोप्यांवर, दोन ते सहा महिन्यांच्या फळांवर. त्याखालच्या मोठ्या नारळांवर एक थेंबही घालवू नका.

कोरड्या दिवसांत मी निंबोळी तेल, लसूण आणि साबणाचं मिश्रणच वापरते, ही पावडर पावसाळ्यापुरती. पुन्हा घेईन. पण तुमचे माड उंच असतील आणि चढणारा मिळत नसेल, तर घेऊ नका. जमिनीवरून मारलेला फवारा झावळ्याच धुतो.