छापील साप्ताहिक बंद झाले. डिजिटल आवृत्तीचा दहा महिन्यांचा अनुभव

गोव्यातल्या म्हार्दोळच्या आमच्या घरी एक मराठी साप्ताहिक एकतीस वर्षे टपालाने येत होते. गेल्या वर्षी गणेश चवथीच्या आठवड्यात अंकाऐवजी एक पत्र आले. कागदावरची छपाई थांबवत असून उरलेली वर्गणी डिजिटल आवृत्तीकडे वळवली आहे, एवढाच त्यातला मजकूर होता. त्यानंतर दहा महिने मी ती आवृत्ती दर आठवड्याला वाचली. साप्ताहिकाचे नाव घेण्याचे मी टाळतो. ज्यांच्या घरी असेच एखादे नियतकालिक येणे थांबले आहे, त्यांना हा अनुभव उपयोगी पडावा, एवढाच हेतू आहे.

घरातला पहिला वाचक मी नव्हे, माझे वडील. ते आता ८४ वर्षांचे आहेत. अंकाभोवतीची पत्त्याची कागदी पट्टी ते कधी फाडत नसत. ओल्या बोटाने डिंक सोडवून ती अखंड काढत आणि तिच्या कोऱ्या बाजूवर दूधवाल्याचा हिशोब लिहीत. शब्दकोडे पेन्सिलने सोडवत, कारण नंतर तो अंक शेजारच्या काकींकडे, तिथून माझ्या आत्याकडे कुंकळ्येला जात असे आणि प्रत्येकाला कोडे पुसून नव्याने सोडवता आले पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. एका वर्गणीवर तीन घरे वाचत होती.

प्रकाशकांच्या अडचणी मला समजतात. कागद महाग झाला. २०१९ च्या अर्थसंकल्पात आयात वृत्तपत्री कागदावर १० टक्के सीमाशुल्क बसले, ते पुढच्या वर्षी ५ टक्क्यांवर आणले गेले, पण त्याच वर्षी टाळेबंदीने वितरणाची साखळीच तोडली आणि विक्रेत्यांकडे जाणारे गठ्ठे थांबले. जाहिराती त्याआधीच मोबाईलकडे वळू लागल्या होत्या. शिवाय मराठी वाचकाला नियतकालिक बंद पडण्याची सवय आहे. ‘सत्यकथा’ १९८२ साली थांबले, श्री. ग. माजगावकरांचे ‘माणूस’ १९८६ साली. या दोन्हींचे काही अंक वडिलांच्या लाकडी पेटीत आजही आहेत आणि हवे तेव्हा उघडून वाचता येतात. ही शेवटची गोष्ट मला या दहा महिन्यांत वारंवार आठवली.

आधी जे चांगले आहे ते सांगतो. पावसाळ्यात छापील अंक पाच-सहा दिवस उशिरा आणि पुष्कळदा कडा भिजलेल्या अवस्थेत यायचा. डिजिटल अंक गुरुवारी रात्रीच हाती पडतो. वडिलांच्या दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेली आहे आणि अक्षर मोठे करून वाचण्याची सोय त्यांना खरोखर आवडली. जूनच्या पहिल्या वादळात दोन रात्री वीज नव्हती, तरी आधी उतरवून ठेवलेला अंक त्यांनी बलकावातल्या, म्हणजे दारापुढच्या ओसरीतल्या, बांधीव बैठकीवर बसून टॅबलेटवर पूर्ण वाचला. मात्र त्यासाठी दहा इंची पडदा हवा. मोबाईलवर दोन स्तंभांचे पान वाचायचे तर बोटाने पान सरकवत खाली जावे लागते, पुन्हा वर यावे लागते, आणि तिसऱ्या परिच्छेदापर्यंत वाक्याचा धागा हरवतो.

आता मुख्य दोषाकडे येतो. अंकात शोधाची चौकट दिलेली आहे, परंतु ती मराठी शब्द शोधत नाही. मी ‘खाजन’ (खाडीकाठची बांध घातलेली खारी जमीन) हा शब्द घातला; त्याच अंकात खाजन शेतीवर चार पानांचा लेख असूनही उत्तर शून्य आले. मग त्या लेखातली एक ओळ उचलून दुसरीकडे चिकटवली, तेव्हा देवनागरीच्या जागी रोमन अक्षरे आणि चिन्हांची निरर्थक रांग उमटली. कारण असे, की पाने अजून युनिकोडपूर्व टंकात, म्हणजे सर्व संगणकांना समजणारा युनिकोड हा अक्षरसंकेत येण्याआधीच्या फॉन्टमध्ये, जुळवली जातात. डोळ्यांना ‘क’ दिसतो, पण संगणकाच्या लेखी तिथे दुसरेच काही असते. याच कारणाने मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारी सोयही निकामी ठरते. ज्या वाचकाचे डोळे थकले आहेत, त्याला या सोयीची सर्वांत जास्त गरज होती. हे मी दोनदा लेखी कळवले. दोन्ही वेळा आभाराचे उत्तर आले. पाने मात्र तशीच येत राहिली.

दुसरा दोष मला अधिक लागला. जून महिन्यात वर्गणीची मुदत संपली आणि त्या सकाळी नव्या अंकाबरोबर मागचे सगळे अंकही कुलूपबंद झाले. ज्यांचे पैसे आम्ही भरले होते, तेही. नदीकाठच्या गावांवरची एक लेखमाला वडील दुसऱ्यांदा वाचत होते, ती नवव्या भागावर अडली. वडिलांनी विचारले, ‘‘अरे, पैसे दिलेला अंक परत कसा घेतात?’’ मला उत्तर देता आले नाही. हे अटळ आहे, असेही नाही. बालभारतीने १९७१ पासूनच्या ‘किशोर’ मासिकाचे जुने अंक संकेतस्थळावर विनामूल्य खुले ठेवले आहेत. खासगी प्रकाशकाकडून तेवढ्या औदार्याची अपेक्षा मी करत नाही. वर्गणीदाराने घेतलेले अंक त्याच्यापाशी राहावेत, इतकेच मागणे आहे.

वाटून वाचणेही संपले. एका खात्यावर दोनच उपकरणे चालतात; काकींकडे टॅबलेट नाही आणि कुंकळ्येच्या आत्याने तर तिसऱ्या आठवड्यातच विचारणे सोडून दिले. म्हणून हल्ली मी दर शनिवारी शब्दकोड्याच्या पानाचे चित्र काढतो आणि फोंड्याच्या झेरॉक्सच्या दुकानात त्याच्या तीन प्रती छापून घेतो. तीन प्रती असल्यामुळे आता पुसण्याची गरज उरलेली नाही, तरी वडील पेन्सिलच वापरतात.

वर्गणी मी पुन्हा भरली आहे, कारण त्यातले दोन लेखक दुसरीकडे कुठेही लिहीत नाहीत. तीन वर्षांच्या वर्गणीवर मोठी सवलत होती. मी सहा महिन्यांचीच घेतली आणि ती संपण्याआधी लेखमालेचे उरलेले भाग वहीत उतरवून काढायचे ठरवले आहे. दहावा भाग कालच पूर्ण झाला.